‘क्लम्झी’ म्हणजे धांदरट नव्हे

ताई,

मी 29 वर्षांची आहे. अहवाल लिहिणं आणि ग्राहकांशी बोलणं हे माझं काम. शिक्षण मराठी माध्यमातून झालं, इंग्रजी नोकरीत शिकले. गेल्या महिन्यात वार्षिक मूल्यमापन झालं. त्यात आमच्या वरिष्ठ बाईंनी दोन वाक्यं लिहिली होती. पहिलं, ‘द रिपोर्ट इज सॉलिड, बट द रायटिंग इज क्लम्झी इन प्लेसेस.’ दुसरं, ‘द अपॉलजी टु द क्लायंट वॉज अ बिट क्लम्झी.’ घरी येऊन शब्दकोश उघडला तर समोर धांदरट, गबाळा, अडाणी, बेढब! मला रडूच आलं. माझ्या हातून कधी पेला फुटत नाही, ऑफिसात सगळ्यांत आवरलेलं टेबल माझं असतं. आणि ती माफी मी मनापासून मागितली होती. फक्त त्याआधी उशीर का झाला आणि कुणामुळे झाला, ते नीट समजावून सांगितलं होतं. यात गबाळेपणा कुठे आला? तेव्हापासून बाईंशी मी कामापुरतंच बोलते.

आणखी एक. माझ्या 7 वर्षांच्या भाच्याला घरात सगळे लाडाने ‘क्लम्झी’ म्हणतात, कारण तो सारखा धडपडतो. आता तो शब्द ऐकला की मलाच टोचतं. हा शब्द नेमका आहे तरी कसा? आणि बाईंना मी काय उत्तर देऊ?

शब्दाने दुखावलेली

प्रिय दुखावलेली,

तुमचं पत्र वाचून झाल्यावर मी आधी ती दोन इंग्रजी वाक्यं कागदावर उतरवून घेतली आणि ‘क्लम्झी’ हे विशेषण कशाला लावलंय ते पाहिलं. पहिल्या वाक्यात ते ‘रायटिंग’ला लावलंय, दुसऱ्यात ‘अपॉलजी’ला. तुम्हाला कुठेच लावलेलं नाही. शब्दकोशातले धांदरट, गबाळा, अडाणी हे मात्र सगळे माणसाला लावायचे शब्द आहेत. म्हणजे बाईंनी दोन वस्तूंवर टाकलेलं विशेषण शब्दकोशाच्या हातून तुमच्या अंगावर येऊन पडलं. तुम्ही रडलात ते शब्दकोशाने लिहिलेल्या वाक्यावर. बाईंनी ते लिहिलेलंच नाही.

शब्दकोशाचाही फारसा दोष नाही म्हणा. त्याला एका ओळीत चार शब्द बसवायचे असतात, आणि या शब्दाला मराठीत एक असा शब्दच नाही. का नाही, ते थोडं विस्ताराने सांगते, कारण तुमच्या दुखण्याचं मूळ तिथेच आहे.

हातातून काही पडलं की मराठी माणूस लगेच कारण शोधतो, आणि आपले शब्दही कारणावरून पडलेले आहेत. घाई केली म्हणून पडलं, तर तो धांदरट. त्या शब्दात धांदल सरळ दिसतेच. लक्ष दुसरीकडे होतं म्हणून पडलं, तर वेंधळा. गरजेपेक्षा जास्त जोर लावला म्हणून मोडलं, तर धसमुसळा. मुळात टापटीपच नाही, म्हणून जिथे तिथे काहीतरी सांडलेलं, लोंबलेलं, तर गबाळा किंवा अजागळ. समज कमी म्हणून घडलं, तर बावळट. वस्तू एकच, पडण्याची रीत एकच, पण आपण पाच वेगवेगळे आरोप ठेवू शकतो, आणि प्रत्येक आरोप स्वभावावर असतो. मला आपल्या भाषेची ही चैन फार आवडते. फक्त ती न्यायाधीशाच्या खुर्चीत बसूनच बोलते, हे मान्य करायला हवं.

‘क्लम्झी’ कारण विचारत नाही. घाई होती, लक्ष नव्हतं, जोर जास्त झाला की हातच तसा, याच्याशी त्या शब्दाला कर्तव्य नाही. हात आणि काम यांचा मेळ बसला नाही, हालचाल जशी सफाईने व्हायला हवी होती तशी झाली नाही, एवढंच तो सांगतो. त्यामुळे इंग्रजी ‘क्लम्झी’चं मराठी करताना आपण नकळत एक कारण पदरचं घालतो, आणि कारणासोबत दोषही. मी स्वतः अनुवादाच्या कामात नवी होते तेव्हा ‘अ क्लम्झी अटेम्प्ट’चं ‘गबाळा प्रयत्न’ असं करून मोकळी झाले होते. ज्यांच्या हाताखाली काम करत होते त्यांनी त्यावर लाल रेघ ओढून शेजारी लिहिलं, ‘गबाळ्या माणसाने प्रयत्न केलाच कशाला असता?’ बराच वेळ मला त्या प्रश्नातला मुद्दा कळला नाही. कळला तेव्हा ‘न साधलेला प्रयत्न’ असं लिहिलं. अजूनही त्याहून चांगलं सुचलेलं नाही.

या शब्दाचं मूळ सांगितलं की कदाचित तुमचा राग आणखी थोडा उतरेल. मध्ययुगीन इंग्रजीत ‘क्लम्सेन’ असं क्रियापद होतं. अर्थ, थंडीने बधिर होणं. ते बहुधा उत्तरेकडच्या स्कँडिनेव्हियन भाषांमधून आलेलं, आणि स्वीडिशच्या बोलींमध्ये त्याचे भाऊबंद सापडतात. म्हणजे मुळात क्लम्झी माणूस हा काकडलेल्या बोटांचा माणूस. कडाक्याच्या थंडीत बोटं आखडली की गुंडी लागत नाही, गाठ सुटत नाही, किल्ली कुलपात जात नाही. त्यात त्या माणसाचा काय गुन्हा? हात त्याचाच, कामही रोजचंच, फक्त त्या घटकेला दोघांचं जमत नाही. आजच्या अर्थातही ही बधिरता मुरलेली आहे असं मला वाटतं. लिहिणाऱ्याला वाक्याचा स्पर्श कळला नाही की वाक्य क्लम्झी होतं.

विशेषण म्हणून हा शब्द 16व्या शतकाच्या अगदी अखेरीस दिसू लागतो, आणि त्याचं स्वागत फारसं चांगलं झालं नाही. जॉन मार्स्टन नावाच्या नाटककाराने हिवाळ्याला ‘क्लम्झी विंटर’ म्हटलं. बधिर करून टाकणारा हिवाळा, हा जुना अर्थ त्यात अजून जागा आहे. मार्स्टनचा प्रतिस्पर्धी बेन जॉन्सन. त्याला असल्या नव्या, अवजड शब्दांचा भारी तिटकारा. 1601 साली आलेल्या आपल्या एका नाटकात त्याने मार्स्टनसारखंच एक पात्र उभं केलं, त्याला रंगमंचावर ओकारीचं औषध दिलं, आणि त्या पात्राच्या पोटातून एकेक बोजड शब्द बाहेर पडताना दाखवला. ओकून टाकलेल्या त्या शब्दांमध्ये ‘क्लम्झी’ होता. बोजडपणाला नाव देणारा शब्दच बोजड ठरवून बाहेर काढला होता! त्याच यादीत ‘स्ट्रेन्युअस’ आणि ‘कॉन्शस’ हेही होते, आणि ते आज कुणालाही खटकत नाहीत. तेव्हा एखाद्याने आपल्या लिखाणाला क्लम्झी म्हटलं म्हणजे सगळं संपलं असं होत नाही. जॉन्सनने ज्याला ओकायला लावलं तो शब्द आज तुमच्या मूल्यमापनात आहे.

असो. आता कामाचं.

हा शब्द माणसाला किंवा त्याच्या अवयवाला लागला, जसं ‘क्लम्झी फिंगर्स’ किंवा ‘ही इज क्लम्झी’, तर बोलणं शरीराच्या हालचालींबद्दल असतं. तिथे परिस्थिती पाहून धांदरट, वेंधळा, कधी नुसतं ‘हाताला सफाई नाही’. वस्तूला लागला, जसं ‘क्लम्झी बूट्स’, ‘अ क्लम्झी टूल’, तर वस्तू वापरायला अडचणीची, अवजड, बेंगरूळ. इथे दोष वापरणाऱ्याचा नसून वस्तूचा असतो, ही गंमत लक्षात ठेवा. लिखाणाला किंवा अनुवादाला लागला तर बोजड, ओबडधोबड, वाचताना ठेचा लागणारं. आणि माफी, विनोद, सांत्वन, थाप, विषय काढणं अशा माणसामाणसांतल्या गोष्टीला लागला तर हेतू ठीक, पण वेळ किंवा शब्द किंवा क्रम चुकला. तुमची दोन्ही वाक्यं या शेवटच्या दोन घरांतली आहेत. ‘धांदरट’ त्यांपैकी कुठल्याच घरात राहत नाही.

शिवाय बाईंनी विशेषणाच्या आसपास काय ठेवलंय तेही बघा. ‘इन प्लेसेस’ म्हणजे काही ठिकाणी, सगळीकडे नाही. ‘अ बिट’ म्हणजे जराशी. आणि सगळ्यांत आधी ‘सॉलिड’. अहवाल भक्कम आहे, हे त्यांनी पहिल्यांदा लिहिलं, आणि तुमच्या पत्रात त्या शब्दाबद्दल एक अक्षर नाही. कामाच्या ठिकाणच्या इंग्रजीत ‘बट’च्या आधीचं सगळं शोभेचं असतं असं समजणारे पुष्कळ भेटतात. कधी कधी ते खरंही असतं. पण ‘सॉलिड’ हा शोभेचा शब्द नाही. शोभेला ‘नाइस’ किंवा ‘इंटरेस्टिंग’ वापरतात.

त्यांना खरंच तुमच्यावर ठपका ठेवायचा असता तर ‘स्लॉपी’ शब्द हाताशी होता. या दोन शब्दांतला फरक कळला नाही तर ऑफिसातलं निम्मं इंग्रजी चुकीचं ऐकू येतं. ‘स्लॉपी’ म्हणजे ढिसाळ, निष्काळजी. आकडे तपासले नाहीत, नावं चुकली, एकाच पानावर तारीख दोन तऱ्हांनी लिहिली. करता आलं असतं पण केलं नाही, हा ‘स्लॉपी’. मनापासून केलं पण सफाई आली नाही, हा ‘क्लम्झी’. पहिल्यात वृत्तीवर बोट आहे, दुसऱ्यात सरावावर. शब्दकोशाने दिलेला ‘गबाळा’ हा खरं तर ‘स्लॉपी’च्या जवळचा. टापटिपीबद्दल तुम्हाला इतका अभिमान आहे, म्हणूनच तो नेमका वर्मी लागला.

आता बोजड लिखाण म्हणजे काय, ते मराठीतूनच दाखवते. ‘सदर विलंबाच्या कारणांची तपासणी करण्याची प्रक्रिया सुरू करण्यात आलेली असून त्याबाबतचा निर्णय घेण्यात येणार आहे.’ व्याकरणाची एकही चूक नाही. तरी वाचताना दम लागतो, कारण कोण काय करतंय हे वाक्य सांगतच नाही. क्रियापदाची नामं करून ती एकाच्या डोक्यावर एक रचली आहेत. ‘उशीर का झाला ते आम्ही तपासतो आहोत आणि मग निर्णय घेऊ’ म्हटलं की तेच वाक्य चालू लागतं. इंग्रजीतही दुखणं हेच. ‘वी मेड अ डिसिजन टु डू अ रिव्ह्यू ऑफ’ असं लिहिलं की ते क्लम्झी. ‘वी डिसायडेड टु रिव्ह्यू’ लिहिलं की सुटसुटीत. नोकरीत इंग्रजी शिकलेल्या माणसाला लांब वाक्य जास्त सुरक्षित वाटतं. मलाही वाटायचं. अहवालातली तुम्हाला सर्वांत औपचारिक वाटणारी तीन वाक्यं मोठ्याने वाचा. जिथे मध्येच श्वास घ्यावा लागेल, बाईंचं ‘इन प्लेसेस’ बहुधा तिथेच आहे.

माफीचं मात्र मी स्पष्ट बोलते, रागावू नका. तुम्ही आधी कारण सांगितलं, मग उशीर कुणामुळे झाला ते सांगितलं, आणि माफी सगळ्यात शेवटी आली. ऐकणाऱ्याच्या कानात तोवर ‘माझी चूक नाही’ एवढंच पोहोचलेलं असतं, त्यामुळे शेवटची माफी नाइलाजाची वाटते. तुमचं मन खरं होतं, क्रम चुकला. ‘क्लम्झी’ या शब्दाचा याहून अचूक वापर दाखवा म्हटलं तर मला पटकन सापडणार नाही. माफी पहिल्या वाक्यात, पुढे काय करणार ते दुसऱ्यात, आणि कारण समोरच्याने विचारलं तर. ‘कुणामुळे’ हे तर ग्राहकाला सांगायचंच नसतं.

तुमच्या पत्रात नसलेला पण तुमच्या पुढच्या बोलण्यात नक्की येईल असा एक शब्द आहे, ‘ऑकवर्ड’. तो सध्या मराठीत इतका रुळलाय की ‘मला फार ऑकवर्ड झालं’ हे मराठी वाक्यच म्हणायला हरकत नाही. लोक ‘क्लम्झी’ आणि ‘ऑकवर्ड’ एकमेकांच्या जागी बसवतात. अंगाच्या हालचालींबद्दल बोलताना ते काही वेळा चालतं, इतर ठिकाणी नाही. ‘ऑकवर्ड’मधला ‘ऑक’ हा जुन्या नॉर्स या स्कँडिनेव्हियन भाषेतला, अर्थ ‘उलट्या दिशेला वळलेला’. पुढचा ‘वर्ड’ म्हणजे ‘फॉरवर्ड’, ‘बॅकवर्ड’मधला तोच, ‘कडे’. उलटीकडे जाणारं ते ऑकवर्ड. म्हणून शांतता ऑकवर्ड असते, प्रश्न ऑकवर्ड असतो, वेळ ऑकवर्ड असते. क्लम्झी शांतता नसते, कारण शांततेला हात नसतात. क्लम्झी व्हायला कुणीतरी काहीतरी करावं लागतं. तुमची माफी क्लम्झी होती, आणि ती ऐकल्यावर खोलीत जे पसरलं असेल ते ऑकवर्ड. मराठीत दुसऱ्यासाठी ‘अवघडल्यासारखं’ हा शब्द आहे आणि तो मला मूळ इंग्रजीपेक्षा सरस वाटतो. बसून बसून पाय अवघडतो, तसंच मन.

या घराण्यातल्या बाकीच्या मंडळींची ओळख धावती करून देते. ‘बटरफिंगर्स’ म्हणजे ज्याच्या हातून वस्तू निसटतात तो. बोटांना लोणी लागल्यासारखा. 1615 साली छापलेल्या, गृहिणीने कसं असावं हे सांगणाऱ्या एका इंग्रजी पुस्तकात ‘ती बटर-फिंगर्ड नसावी’ असं आहे, आणि 1836-37 साली आलेल्या डिकन्सच्या पहिल्या कादंबरीत एक बोलघेवडा पाहुणा क्रिकेटच्या सामन्यात झेल सोडणाऱ्यांना याच शब्दाने हिणवतो. आजही झेल सुटला की तोच शब्द. हसत म्हणायचा, आणि ओळखीतल्याच माणसाला. ‘क्लट्झ’ हा अमेरिकेकडचा, यिद्दिश या युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतून आलेला. मूळ अर्थ लाकडाचा ओंडका. स्वतःला म्हटला तर गोड, दुसऱ्याला म्हटला तर ओंडकाच. ‘हॅम-फिस्टेड’ हा नाजूक प्रकरण जाडजूड हातांनी हाताळणाऱ्यासाठी. वाटाघाटींना, धोरणांना लागतो आणि ‘क्लम्झी’पेक्षा बराच कडू असतो. बाईंनी तुमच्या माफीला तो लावला असता तर मी हे पत्र वेगळ्या सुरात लिहिलं असतं.

आणि मग डाव्या हाताची मंडळी. इथे मला जरा थांबायचंय, कारण मी डावखुरी आहे. ‘गोश’ हा फ्रेंच शब्द, अर्थ ‘डावा’. इंग्रजीत त्याचा अर्थ चारचौघांत वागण्याबोलण्याची रीत न कळणारा. पेला पाडणाऱ्याला तो लावत नाहीत. ‘मॅलाड्रॉइट’मधला ‘ड्रॉइट’ म्हणजे उजवा. जो नीट उजवा नाही तो मॅलाड्रॉइट. ‘डेक्स्टरस’ म्हणजे कुशल, कारण लॅटिनमध्ये ‘डेक्स्टर’ म्हणजे उजवा. दोन्ही हातांनी सारखंच काम करणाऱ्याला ‘अँबिडेक्स्ट्रस’ म्हणतात, आणि त्याचा शब्दशः अर्थ काय, तर ‘दोन्ही हात उजवे’! डाव्या हाताने इतकं शिकून दाखवलं तरी श्रेय उजव्यालाच. आपण तरी वेगळे कुठे आहोत? हा ‘डेक्स्टर’ आणि संस्कृतातला ‘दक्षिण’ एकाच मुळाचे, आणि संस्कृतातही ‘दक्षिण’ म्हणजे उजवा आणि कुशलही. ‘वाम’ म्हणजे डावा आणि प्रतिकूलही. मराठीत एखादा दुसऱ्यापेक्षा ‘उजवा’ ठरतो, आणि भेदभाव करणाऱ्याला आपण ‘डावं-उजवं करू नको’ म्हणतो. कात्री, वहीची तार, खुर्चीला जोडलेली लिहायची फळी, हे सगळं उजव्यांसाठी बनवायचं आणि मग डाव्याच्या हाताला सफाई नाही म्हणायचं, हा प्रकार बराच जुना आहे. काही वेळा माणूस क्लम्झी नसतो, त्याच्या हातात दिलेली वस्तू क्लम्झी असते.

हे वाक्य लिहिलं आणि तुमचा भाचा आठवला.

7 वर्षांचं मूल धडपडतं यात नवल काही नाही. पण तुम्ही ‘सारखा’ हा शब्द वापरलाय, म्हणून विचारते. त्याला गुंड्या लावणं, नाडी बांधणं, कात्रीने रेघेवर कापणं, चेंडू झेलणं, पेन्सिल धरून ओळीत लिहिणं हेही त्याच्या वयाच्या मुलांपेक्षा स्पष्टपणे अवघड जातं का? आणि त्यामुळे शाळेत किंवा घरी त्याचं रोजचं अडतं का? तसं असेल तर ते धांदरटपणाच्या खात्यात टाकू नका. ‘डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर’ नावाची एक अवस्था आहे; बऱ्याच ठिकाणी तिला ‘डिस्प्रॅक्सिया’ही म्हणतात. 5 ते 11 वर्षांच्या मुलांमध्ये तिचं प्रमाण साधारण 5 ते 6 टक्के मानलं जातं, म्हणजे एका मोठ्या वर्गात एक-दोन मुलं. बुद्धी कमी असण्याशी किंवा आळसाशी तिचा संबंध नाही. हालचाल ठरवणं आणि ती अंगात उतरवणं यांचा मेळ बसायला त्या मुलांना जास्त कष्ट पडतात. आणि या अवस्थेला पूर्वी डॉक्टर मंडळी काय म्हणत? ‘क्लम्झी चाइल्ड सिंड्रोम’. ते नाव पुढे सोडून दिलं गेलं. ज्या शब्दावर तुम्ही 29व्या वर्षी रडलात, तो सातव्या वर्षी निदानाच्या कागदावर वाचायला कुणाला आवडेल?

मी डॉक्टर नाही आणि पत्रावरून निदान होत नसतं. वरच्या प्रश्नांची उत्तरं ‘हो’ येत असतील तर त्याच्या आईवडिलांनी बालरोगतज्ज्ञांना दाखवावं. ते गरज पाहून ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे पाठवतील, आणि तिथे कामाचे छोटे छोटे तुकडे करून हाताला शिकवतात, त्याचा उपयोग होतो. उत्तरं ‘नाही’ असतील तर तो नुसताच 7 वर्षांचा आहे. दोन्ही बाबतींत घरातलं ते लाडाचं नाव मात्र बंद करा. ‘तू क्लम्झी आहेस’ या वाक्यात ‘आहेस’ फार जड आहे. मूल पुढच्या वेळी पेला उचलताना पेल्याकडे पाहत नाही, आपण कोण आहोत ते आठवत बसतं, आणि पेला पुन्हा पडतो.

इंग्रजीत यासाठी एक छान सोय आहे, तीही सांगून ठेवते. आपल्या हातून काही सांडलं तर ‘आय अ‍ॅम क्लम्झी’ म्हणण्याऐवजी ‘दॅट वॉज क्लम्झी ऑफ मी’ किंवा ‘हाउ क्लम्झी ऑफ मी’ म्हणतात. त्या ‘ऑफ मी’ने ठपका त्या एका कृतीपुरता राहतो. माणूस सुटतो. स्वतःबद्दल म्हटलं तर हे सभ्य आणि हलकंफुलकं. ‘क्लम्झी ऑफ यू’ म्हणायला मात्र जाऊ नका, ‘यू’ आला की सोय संपते आणि फटका बसतो. एरवी हत्यारं-अवजारं किंवा शब्द हाताळण्याबद्दल असेल तर ‘क्लम्झी विथ’, नाच किंवा खेळ अशा कौशल्याबद्दल असेल तर ‘क्लम्झी अ‍ॅट’. क्रियाविशेषण ‘क्लम्झिली’ बरोबर आहे, पण तोंडात इतकं अडखळतं की मी ते लिहायचंच टाळते. जॉन्सन आज असता तर त्याने हाच शब्द आधी ओकायला लावला असता.

राहता राहिलं बाईंना द्यायचं उत्तर. महिनाभराच्या अबोल्यानंतर लांबलचक खुलासा पाठवलात तर तोही तुमच्या माफीसारखाच होईल, आधी कारणं आणि शेवटी मुद्दा. चार ओळी पुरेत, आणि इंग्रजीतच लिहायला हव्यात असंही नाही. ‘तुमचे दोन्ही शेरे वाचले. माफीचा क्रम चुकला हे आता लक्षात आलं, पुढच्या वेळी आधी माफी मागेन. अहवालातल्या कुठल्या परिच्छेदांत भाषा अडखळते, तेवढ्यांवर खूण करून द्याल का? मी ते पुन्हा लिहून दाखवते.’ यात ‘मला वाईट वाटलं’ घालायचं असेल तर घाला, पण समोरासमोर बोलताना. लिहिलेल्या वाक्यात ते तक्रारीसारखं दिसतं. त्यांनी खुणा करून दिल्या तर तुम्हाला फुकटात एक संपादक मिळाला. नाहीच दिल्या, तर मोठ्याने वाचण्याचा उपाय आहेच.

आणि भाच्याच्या बुटांना सध्या नाडीऐवजी वेल्क्रोची पट्टी बसवून घ्या. नाडी तो सावकाश शिकेल.

तुमची,
ताई